मारक्या बैलाचा अध्याय

आमच्या दादाचा बैल असा मारका होता, की नेरहून येणारी एसटी त्याला रस्त्यात उभा पाहून मागच्या मागे नेरला परत गेली. ड्रायव्हरनं सगळ्यांचे तिकिटाचे पैसेही परत दिले, असं मी सांगत असे. तेवढं खोटं आहे, बाकी खरं. रंगानं पांढरा, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या आणि शिंगं अशी, की दोन्हींवर एकेक कंदील टांगून खाली लग्न लावावं. पांढरकवड्याच्या बाजारात दादानं तो घेतला, तेव्हा विकणारा इतक्या झपाट्यानं निघाला की आपला फेटा तिथंच विसरला. तेव्हाच आम्ही समजायला हवं होतं.

आमची ख्रिस्ती वस्ती गावाच्या उगवतीला, मोजक्या घरांची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. एरवी दर गुरुवारी आत्या वाचन घ्यायची. आत्या बायबलबाई होती, म्हणजे खेडोपाडी पायी हिंडून बायांना शास्त्र वाचून दाखवणारी. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास तिनं ठरवलं, की नुसत्या शुभवर्तमानावर भागवायचं नाही, मोशेचं नियमशास्त्रही पहिल्यापासून वाचायचं.

"पऱ्हाटीचं बोंड तेवढं तोडता," ती म्हणाली, "मूळ कुठं हाय ते नाई पाहाचं का बापा?"

दर गुरुवारी एक अध्याय, आणि पाळीपाळीनं एकेका घरी. नेम असा, की ज्याच्या ओसरीवर अध्याय वाचला, त्या घरानं तो आठवडाभर जगून दाखवायचा. सुरुवातीला मौज होती. अब्राहामानं वाटसरूंना जेवू घातलं तो अध्याय ज्याच्याकडे आला, त्याच्याकडे अख्खी वस्ती आठवडाभर वाटसरू झाली. पण पुढं उलटंच होऊ लागलं. माणसांनी अध्याय जगायचा, तर अध्यायच माणसांवर घडू लागले. जलप्रलय ज्याच्या ओसरीवर वाचला, त्याची मागची भिंत बसली. बेडकांचा अध्याय ज्याच्या घरी आला, त्याच्या रांजणातून मी स्वतः इतके बेडूक उपसले, की मोट भरली असती. हसता हसता लोकांचं हसू पातळ होत गेलं. आपल्या घरी पुढं काय येतं, ते जो तो बोटांवर मोजू लागला.

दादानंही मोजलं. त्याच्या वाट्याला मारक्या बैलाचा अध्याय येत होता.

पाळी बदलून मागायला त्यानं मला पंचाकडे पाठवलं. पंच म्हणजे मंडळीतला मोठा माणूस, दानपेटीची किल्ली करगोट्याला बांधून फिरणारा. तो आणि दादा नाताळापासून एकमेकांना सलाम करत नव्हते. पंचाचं भजन ऐकून दादा म्हणाला होता, की आमची म्हैस याच्यापेक्षा सुरात हंबरते. म्हणून निरोप माझ्याकरवी.

पंच मिशीतल्या मिशीत हसला. "अध्याय काय वखर हाय, उसना द्याले?"

तो गुरुवार आला. आमच्या ओसरीला लागून गोठा, मध्ये पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, कूड. आत्या वाचत होती. बैलानं माणूस मारला, तर बैलाला दगडमार. पण बैल मारका आहे असं धन्याला आधी सांगितलं असेल आणि तरी त्यानं तो आवरला नसेल, तर बैलासोबत धन्याचाही जीव घ्यावा. आत्या थांबली. कुडापलीकडून बैलानं श्वास सोडला आणि कंदिलाची ज्योत आडवी झाली. ही शपथेवर सांगतो, आडवी झाली.

पंच उठला. "सांगतलं. मंडळीच्या देखत सांगतलं. तुहा बैल मारका हाय."

"मी कृपेखाली हावो," दादानं नव्या करारातलं वचन पुढं केलं, "नियमाखाली नाई."

"कृपा तुह्यावर हाय लेका," आत्या म्हणाली. "बैलानं कधी बाप्तिस्मा घेतला?"

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीच्या अंगात शास्त्र शिरलं. वावरात जाणारा दारात थांबून म्हणे, "दादा, सांगून ठेवतो बरं." पाणी भरणाऱ्या बाया म्हणत, "आमी सांगतलं व्हतं, ध्यानात ठेवजा." एवढे साक्षीदार खुद्द मोशेला मिळाले नसतील. जो तो आपल्या गळ्यातलं ओझं दादाच्या गळ्यात घालून मोकळा होई. एक बरं दावं मात्र कोणी आणून दिलं नाही.

दादानं बैल विकायला काढला. गिऱ्हाईक आलं, ओसरीवर बसलं. आत्या आतून म्हणाली, "सांगून वीक. नाईतर आपला अध्याय दुसऱ्याच्या गळ्यात बांधशीन." दादानं खरं ते सांगितलं. गिऱ्हाईक चहा तसाच ठेवून उठलं. कापायला द्यावा, तर पेरणी तोंडावर आणि जोडी एकच. दादानं दाव्याला दावं जोडलं आणि आपली बाज गोठ्याच्या तोंडाशी आडवी टाकली. त्याची भाकरी ताटात तशीच राहू लागली. आणि बैल? बैल गरिबासारखा कडबा खात होता. कोणाकडे बघून फुसकारतसुद्धा नव्हता. तेच वाईट होतं.

मधला एक गुरुवार गेला आणि पाळी पंचाच्या घरी आली. आत्या वाचू लागली. वैऱ्याचा बैल भटकताना दिसला, तर तो त्याचा त्याला नेऊन पोचवावा. आत्यानं वर पाहिलं नाही. पंच मात्र किल्ली चाचपत बसला.

त्याच आठवड्यात एका दुपारी कूड फुटलेला आणि दावी तुटलेली दिसली. दादा आणि मी नाल्याकडे धावलो. बघतो तर पंच समोरून येतोय, मागे कासऱ्याला आमचा बैल. पंच पुढं, शिंगं त्याच्या पाठीपासून हातभर. वस्तीत एकामागून एक दारं लागत गेली. मी ओरडणार, तोच दादानं माझं तोंड दाबलं. "बैल बुजला तं पंच मेला," तो कानात म्हणाला.

पंच आमच्या अंगणात आला. कासरा त्यानं दादाच्या हातात दिला. कपाळाला घामाच्या धारा.

"सलाम," पंच म्हणाला.

दादानं उत्तराला तोंड उघडलं. तेवढ्यात बैलानं मान वळवली. माशी हाकलावी तशी, नुसती. पंचाची मांडी उभी फाटली.

एसटीला वेळ होता. जुंपायला तयार बंडी एकच, आमची. ज्या बैलानं फाडलं, त्यालाच जुंपून दादा पंचाला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

मागे वस्तीनं गोटे जमवायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. येणारा जाणारा एकेक आणून आमच्या अंगणात टाकी. ते बैलासाठी की दादासाठी, हे कोणी बोललं नाही. आत्या ओसरीवर बसून बघत होती. ढीग कमरेपर्यंत आला. मी सांगताना गळ्यापर्यंत सांगतो.

बंडी परतली तेव्हा धुरळ्यात काही दिसेना. दादा जुवाच्या पुढं चालत होता. मग पंच दिसला, बसलेला, पाय पांढऱ्या पट्टीत. जिवंत. तरी कोणी ढिगापासून हललं नाही.

"हे गोटे कायचे?" पंचानं विचारलं.

उत्तर आत्यानं दिलं. "तू पयला साक्षीदार. पयला गोटा साक्षीदाराच्या हातचा, असं हाय शास्त्रात. सांग तूच, कायचे."

पंच उतरला, दादाच्या खांद्याला धरून. त्यानं मोठासा गोटा उचलला. दादानं कासरा सोडला नाही, बाजूलाही झाला नाही. बैल बघत होता. पंच लंगडत त्याच्यासमोरून गेला आणि गोटा फुटक्या कुडाच्या जागी नेऊन ठेवला.

"आवराव म्हन्ते शास्त्र," तो धापा टाकत म्हणाला. "कायनं आवरन तो? पऱ्हाटीनं?" मग लोकांकडे वळला. "पाहून काय राह्यले बे? उचला."

भिंत अंधार पडायच्या आत छातीइतकी झाली.

त्यानंतर पंच रोज संध्याकाळी लंगडत आमच्या दारावरून जाई. "सलाम." दादा म्हणे, "सलाम." मग भिंतीच्या आतून बैल श्वास सोडी, आणि दोघंही बोलता बोलता एकेक पाऊल मागं सरत.