सात नंबरचा लंगडा ठोका

अंजूरच्या हेमालीला लाजणं ठाऊकच नव्हतं. दिवसा ती राहनाळच्या गोदामात खोक्यांवर स्टिकर लावायची आणि सुट्टीला दोस्त विपुलबरोबर इलेक्ट्रॉनिक पंक वाजवायची. ते काय असतं, असं आत्यानं विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "लॅपटॉपवर मशीन वाजतं, विपुल गिटार बडवतो नि मी भांडते." भांडणात हेमालीचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, त्यामुळे आत्याला लगेच पटलं.

बँडचं नाव 'धोटा', मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. पहिल्याच गाण्यानं मोबाइलवर धुमाकूळ घातला. त्या गाण्याचा जीव म्हणजे सात नंबरचा लूम, कापड विणणारा यंत्रमाग. हेमालीचे वडील राघो भिवंडीच्या ज्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचे, तिथला. त्याचा उजवा ठोका वेळेवर पडे, डावा जरा उशिरा, आणि त्या उशिरात ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जाई. पण हेमालीनं तो टिपला होता साध्या मोबाइलवर, खरखरीत. आता मुंबईच्या कंपनीला अल्बम काढायचा होता. तोच ठोका स्वच्छ मिळाला तर अल्बम, नाहीतर राम राम.

शुक्रवारी कारखाना बंद असतो. कंपनीची मृणाली माइक घेऊन आली. राघोंनी लूमचं बटण दाबलं. खट-खट, खट-खट. शाळेतल्या कवायतीसारखा सरळ.

हेमाली लूमपाशी धावली. "बाबा, काय केलंस ह्याला?"

"सोताच्या पैशानं पट्टा बदलला," राघो खुशीत म्हणाले. "मुंबयची मानसं येनार, त्यांना लंगडा लूम दाखवू? माजी काय इज्जत हाय का न्हाय?"

विपुलनं कपाळाला हात लावला. हेमाली तोंड उघडणार, तेवढ्यात तिला बापाचा इस्त्रीचा शर्ट दिसला आणि राग कुठल्या कुठे गेला. तिनं सगळं समजावून सांगितलं. राघोंनी लूमवर हात ठेवला.

"तरी नीट झालेला लूम मी बिघडवनार न्हाय," ते म्हणाले. "तीस वर्सांत कधी केलं न्हाय."

"नको बिघडवू. ह्याचा डावा ठोका मृणाली लॅपटॉपवर कापून टाकेल. त्याच्या जागी तू पान्यानं मार."

राघोंनी पाना उचलला आणि लूमच्या लोखंडावर हाणला. बरोब्बर वेळेवर.

"उशीर कर!" हेमाली ओरडली.

"जानूनबुजून?"

"हो, जानूनबुजून!"

राघोंनी डोळे मिटले. अकरा वर्षं कानाला खुपणारा तो ठोका त्यांना तोंडपाठ होता. लूमच्या तालावर ते पाना हाणत गेले, दर वेळी जरा उशिरा. मृणालीचा पाय उचलला गेला. विपुल हसायला लागला. हेमालीला कळलं, अल्बम झाला.

"झकास!" मृणालीनं माइक बंद केला. "वाजवणाऱ्यांत तुमचंही नाव टाकते, काका."

"थांब पोरी, पुन्यांदा घे," राघो पाना न सोडता म्हणाले. "मधला एक वेळेवर पडला."