मोहरा हलवायला माणूस

संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा ऑनलाइन होणार म्हटल्यावर मी टाळ्या पिटल्या होत्या. आता त्या टाळ्या आठवल्या की माझाच मला राग येतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी जुन्नरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे आणि फावल्या वेळात बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचे. या स्पर्धेत माणसं खेळत नाहीत, त्यांचे प्रोग्राम खेळतात. बाकीचे नियम मी पुस्तकातून घेतले. पण शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते, हे मला वडिलांनी, अण्णांनी शिकवलेलं. आमच्या निरगुडसरला सगळे तसंच खेळायचे. जगात सगळीकडं तसंच असणार, असं मी धरून चालले!

पुण्याला स्पर्धा होती. मॉनिटर गोधडीत गुंडाळून अण्णा आणि मी टेम्पोनं गेलो. स्क्रीनवरची चाल मी वाचायची, पटावर मोहरा अण्णांनी हलवायचा. समोर कॉलेजचा एक पोरगा त्याच्या प्रोग्रामसाठी तेच करत होता. अण्णा टोपी सावरून असे बसले होते, जणू गावकीच्या बैठकीत पहिला मान त्यांचाच.

दहा-बारा चालींनंतर आमच्या राजानं उडी मारली.

"काका, राजा असा कुठं जातो?" पोरगा म्हणाला.

"आमच्यात जातो!" अण्णा ठणकावून म्हणाले. "तुमच्यात न्हाई जात?"

सगळा हॉल गोळा झाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पंच हसले, म्हणाले, माझे आजोबा असंच खेळायचे. त्यांनी थोडा वेळ दिला, मी ती उडी काढून टाकली. तोवर अण्णांनी त्या पोराला आमच्या गावचा खेळ शिकवला आणि वर चहाही पाजला. आम्ही एकूण एक डाव हरलो. तरी परतताना अण्णा खुशीत. "लई भारी माणसं व्हती. पुढच्या साली एक डाव तरी मारायचाच, पोरी."

वर्षभर त्यांनी तेच धरलं. घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामशी रोज खेळायचे, त्याला शिव्या घालायचे, त्याच्या खोड्या मला सांगायचे. आणि मग कळलं, कुणी कुठं जायचं नाही, नेटवरच खेळायचं. प्रवास वाचला, मी खूश!

नेट क्लासमध्येच होतं, म्हणून अण्णा धुतलेले कपडे घालून एसटीनं जुन्नरला आले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवर आकडे सरकत होते, आणि तासाभरात आम्ही चक्क जिंकलो! मी ओरडलेच.

"कुणाला हरवलं?" अण्णांनी विचारलं.

मी स्क्रीनवरचं इंग्रजी नाव वाचलं.

"त्याला म्हणावं, चांगला खेळलास. कुठला हाय, इचार."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. मग मला सांगावंच लागलं, "अण्णा, तिथं कुणी नसेल. मशीन चालू ठेवून गेला असेल."

"आन् त्याचा मोहरा कोण हलवतं?"

"मशीनच."

"आपलाबी?"

"आपलाही."

अण्णांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलले, परत मांडीवर ठेवले. दुसरा डाव लागत होता, ते उठले.

"बसा ना अण्णा, आपण जिंकतोय."

"तू बघ, बये," ते म्हणाले. "हितं माझं काय काम?"

काम खरंच नव्हतं.