पोखर्णीच्या मामीचं हूं

माझी शाळा चौथीतच सुटली. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं ते माझं मलाच कळत नाही. हे पान कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. मामी असती तर म्हणाली असती, "माफी कशाला मागतीस गं? साहेबाला तरी कुठं धड लिव्हता येतंय?" आणि मग नाकातून ते हूं काढलं असतं.

मामीचं हूं सगळ्या गावाला माहीत होतं. तोंड मिटलेलं, मान जराशी कलती आणि नाकातून एकच आवाज. तेवढ्यात समोरच्याची लायकी ठरून जायची. ती माझ्या नात्यातली नव्हती. माहेर पोखर्णीचं, म्हणून सगळे तिला पोखर्णीची मामी म्हणत. आमच्या बचत गटाच्या बाया नगरपालिकेच्या शेडवर कचरा निवडतात, ओला वेगळा, सुका वेगळा. त्या बायांची ती म्होरकी. जाणारा-येणारा कुणी नाकाला रुमाल लावून गेला की ती मोठ्यानं म्हणायची, "वास कचऱ्याला न्हाई बाबा, टाकणाऱ्याला हाय."

मी पहिल्यापासून लाजरी. परका माणूस दिसला की माझा पदर हनुवटीपर्यंत खाली येतो. मामीला त्याचा भारी राग. "तोंड काय उसनं आणलंय का, सांडंल म्हणून झाकायलीस?" तिनं माझं नाव गोगलगाय ठेवलं होतं. पण मला भूक लागली तरी मी सांगायची नाही, हे तिलाच तेवढं ठाऊक होतं. दुपारी न विचारता भाकरीवर ठेचा ठेवून माझ्यापुढं सरकवायची. "खा. का ह्याचा बी आदेश वरून यावा लागतोय?"

मग एकदा खरंच वरून योजना आली. ती घेऊन नवा साहेब आला. पांढरा सदरा, हातात दोन मोबाईल. त्यानं आम्हाला खाली सतरंजीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीवर बसून समजावलं. पृथ्वीचा ताप वाढलाय, म्हणून शहरांनी आता कामाला लागायचं. ओल्या कचऱ्याचं खत, सुक्याच्या परत वस्तू, असं चक्र फिरत राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी सरकार लय मोठा निधी देणार आहे. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताप पृथ्वीला आलाय, ते समजलं साहेब. गोळी कोण गिळणार हाय?"

निधी आला तसं चक्र फिरायला लागलं. कचरा बारीक करायची मशीन आली. तिला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. शेडवर तिला पुरेल अशी वीजच नव्हती. हार वाळून कोळ झाला तरी मशीन प्लास्टिकच्या कागदात तशीच. झाडं लावली ती गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत. "खड्डे बी आता वळखायलेत साहेबाला," मामी म्हणाली. मुतारीच्या भिंतीवर डोळ्यांत पाणी आलेली पृथ्वी रंगवली. मामी तिच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. "रडंल न्हाई तर काय करंल? जागा बघा की कुठं दिलीय."

यात आमचे पैसे कसे अडकले तेही सांगते. साहेब म्हणाला, योजनेत बायांचाही वाटा दाखवावा लागतो. सगळ्याजणींनी भरा, पहिला हप्ता आला की परत. जी भरणार नाही तिचं शेडवरून नाव कमी होईल, हे त्यानं हसत हसत सांगितलं. गारपिटीनं माझ्या घरावरच्या पत्र्यांची चाळण झाली होती. नव्या पत्र्यांसाठी साठवलेलं मी त्याच्या हातात ठेवलं. मामीनं हूं केलं आणि तिनंही भरले. काम कुणाला सोडवतंय?

पहिला हप्ता आला. त्यातून पाटी झाली, कमान झाली, साहेबाला फिरती खुर्ची झाली. आमचे पैसे पुढच्या हप्त्यावर गेले. पावसाळ्यात मी घरभर पातेली मांडून बसायची. एका सकाळी मामी आली, पातेल्यांकडं बघितलं, वर बघितलं. त्या दिवशी तिनं हूं सुद्धा केलं नाही.

दुसऱ्या हप्त्यासाठी वरून पथक येणार होतं. नियम असा, की काम करणाऱ्या बायांचा फोटो जोडायचा आणि त्यात सगळ्यांची तोंडं स्वच्छ दिसली पाहिजेत. साहेबानं आम्हाला एकसारख्या हिरव्या साड्या वाटल्या. फोटो झाला की त्या घडी घालून परत द्यायच्या होत्या. आम्ही खताच्या टाक्यापुढं रांगेत उभ्या राहिलो. पथकातल्या बाईंनी मोबाईल वर धरला. मी आपला नेहमीसारखा पदर ओढला.

मामीनं माझ्याकडं बघितलं. आता शिव्या बसणार, असं वाटलं मला. पण ती हळूच म्हणाली, "हूं," आणि तिनं स्वतःचाही पदर हनुवटीपर्यंत खाली घेतला. ते बघून शेजारणीनं घेतला, मग तिच्या शेजारणीनं. घटकेत सगळी रांग पदराआड गेली.

"अहो मामी, तोंड दिसू द्या की," साहेब म्हणाला.

"आमी रीतीभातीच्या बाया, साहेब. परक्या माणसापुढं पदर कसा काढावा?"

"मी काय परका आहे का? रोज तर बोलता माझ्याशी!"

"पैसे देतो म्हणालात तवर घरचे होतात. दिले न्हाईत, तवापासून परके झालात."

"कसले पैसे?" पथकातल्या बाईंनी विचारलं. साहेबाच्या सदऱ्याला घाम फुटला. त्यानं शिपायाला पळवलं, कुठून तरी पैसे आणवले आणि तिथंच वाटले. पण निम्मेच. "बाकीचे नंतर," म्हणाला.

मामीनं नोटा कमरेला खोचल्या. "बायांनो, साहेबानं निम्मे दिलेत. आपुनबी निम्मं तोंड दाखवू." आणि सगळ्यांनी पदर नाकापर्यंत वर घेतला. पथकातल्या बाई तोंडावर हात ठेवून हसल्या, पण फोटो तसाच वर गेला. आणि वरून तसाच परत आला. तोंडं दिसत नाहीत म्हणून.

दुसऱ्यांदा पथक यायच्या आधी मामीला कावीळ झाली. परभणीला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते, पण जीभ तशीच. "गोगलगाय," ती म्हणाली, "तुझाच पदर कामाला आला बघ. मी उगंच बोलत होते तुला. आता सोडू नको." मी मान हलवली. ती परभणीहून परत आली नाही.

पथक आलं. साहेबानं आधी दुःख दाखवलं. "मामी फार चांगल्या होत्या." मग घाईघाईनं प्रत्येकीच्या हातात राहिलेले निम्मे पैसे ठेवले आणि साड्या नेसायला सांगितल्या. रांगेत पुढची जागा मोकळी होती. तिथं कुणी उभं राहीना, म्हणून मी उभी राहिले. मामीची सून नुकतीच तिच्या जागी कामाला आली होती. तिचे हात रिकामेच.

"त्या आता नाहीत ना," साहेब मोबाईलमध्ये बघत म्हणाला. "तो विषय संपला."

मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. आतून आवाज आला, "हूं." तो माझा होता हे मला नंतर कळलं. मागं सगळे पदर एकदम खाली आले.

साहेबानं वर बघितलं. "तुम्ही तर कधी बोलत नव्हता."

मी तेव्हाही बोलले नाही. नुसती उभी राहिले. पथकातल्या बाईंनी मोबाईल खाली घेतला आणि त्याही उभ्या राहिल्या. मग साहेबानं पाकीट काढलं आणि मामीचे पैसे सुनेच्या हातात मोजून दिले. तिनं पुन्हा मोजले आणि मला मान हलवून खूण केली. तेव्हा मी पदर वर केला.

शेडच्या पाटीवर अजून ते हिरवं चक्र आहे, खाली मोठमोठे शब्द आहेत. मशीन कागदातच आहे. त्या चक्रातून फिरून जागेवर आलेली मी पाहिलेली एकच गोष्ट म्हणजे आमचे पैसे. मामीच्यासकट, सगळे.