सेक्टर दोनचं तोंड

"बाबा तिकडं जाणारच नाहीत," ती मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. "त्या बाजूले आमचं कोणीच नाही. पत्रिका कोणाले देतीन?"

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मे महिना. बोरी अरबच्या पुढे, एका लहान गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरखाली आम्ही उभे होतो. मी, फौजदार राठोड आणि ही मुलगी, रंजना. तिचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. तिचे वडील देवराव, वय बासष्ट, शुगरचे पेशंट, सकाळी सातला उरलेल्या पत्रिका घेऊन मोटारसायकलवर निघाले होते. दहानंतर त्यांचा फोन नुसता वाजत होता.

मी मोबाइल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. कोणाचा फोन कुठे आहे, हे आम्ही कोणालाही सांगत नाही. पोलिसांचं लेखी पत्र वरच्या ऑफिसात गेलं, मंजुरी आली, मग मला साईटवर पाठवलं. सोबत दोन आकडे. सेक्टर दोन. टायमिंग सव्वीस.

हे समजायला अवघड नाही. टॉवरवर तीन दिशांना तोंड करून तीन अँटेना असतात. प्रत्येकीच्या हद्दीला सेक्टर म्हणतात. उत्तरेकडची एक नंबर, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे दोन आणि तीन. म्हणजे दोन आग्नेयेला, तीन नैऋत्येला. टायमिंग म्हणजे सिग्नलला फोनपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. त्यावरून अंतर निघतं. एक आकडा म्हणजे साधारण अठ्ठ्याहत्तर मीटर. सव्वीस गुणिले अठ्ठ्याहत्तर, दोन हजार अठ्ठावीस मीटर. माणूस नेमका कुठे ते कळत नाही, पण नकाशावर एक कमान काढता येते. आमची कमान सव्वाचार किलोमीटर लांब होती.

राठोड हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी काय म्हणून राह्यली, ऐकलं ना?"

"ऐकलं. पण आकडा खोटं बोलत नाही. रस्ता चुकले असतील."

"बाबा? रस्ता?" रंजना म्हणाली. "चाळीस वर्षं झाली त्यायले या शिवारात."

तिच्या हातात निमंत्रितांची यादी होती, गावागावाप्रमाणे लावलेली. ती मी पाहिलीसुद्धा नाही.

गावातली बावीस माणसं कमानीवर पसरली. शेतं नांगरून मोकळी पडलेली, सावली कुठेच नाही. दर दहा मिनिटांनी रंजना फोन लावायची आणि सगळे जागच्या जागी उभे राहून कान द्यायचे. रिंग कुठूनच ऐकू यायची नाही. मग पुन्हा चालायचं. एक पन्नासला तिने फोन लावला आणि नुसती स्क्रीनकडे पाहत राहिली. फोन बंद झाला होता.

"बॅटरी," मी म्हणालो.

"सकाळपासून पाणी नसन त्यायच्या पोटात," ती म्हणाली. आणि पुढच्या बांधाकडे चालू लागली.

दोनला मी पाणी प्यायला गावात आलो. सवयीने टेस्ट फोन उघडला. आपण कोणत्या सेक्टरवर आहोत ते हा फोन दाखवतो. गाव टॉवरच्या नैऋत्येला, म्हणजे तीन दिसायला हवा. दिसला एक. टॉवरच्या अगदी जवळ कधीकधी गडबड होते, म्हणून शाळेपर्यंत अर्धा किलोमीटर चालत गेलो. तिथेही एक.

वर्षभरापूर्वी या टॉवरच्या अँटेना बदलल्या होत्या. टॉवरवर चढून अँटेना बसवणाऱ्याला आम्ही रिगर म्हणतो. तेव्हाचा रिगर पुंडलिक. त्याला फोन लावला.

"पुंडलिक, इथे एक नंबर कुठून धरलास?"

"गावापासून, साहेब. गाव पहिले, मंग बाकीचं. लोकं खाली उभे राहून विचारत होते ना, आमचं कधी चालू होते म्हणून."

"उत्तरेपासून धरायचा असतो ना?"

"तिकडं तं नुसते वावरं हायेत. आन् रिपोर्ट तुमीच पास केलता."

केला होता. त्या महिन्यात अकरा साईट होत्या. फोटो पाहून, यवतमाळच्या ऑफिसात बसून मी सही केली होती.

गावापासून मोजलं तर नैऋत्य एक, उत्तर दोन. आम्ही आग्नेयेला शोधत होतो. देवराव उत्तरेला होते.

दोन पंचवीसला मी हे राठोडांना सांगितलं. त्यांनी लगेच जीप सुरू केली. मी रंजनाला विचारलं, "उत्तरेकडे यादीत कोण आहे?"

तिला कागद उघडावा लागला नाही. "आत्याची नणंद. पांदणीच्या वाटेनं जातेत तिच्याकडं. मधात नाला हाये."

टॉवरपासून तो नाला नकाशावर एकोणीसशे ऐंशी मीटर भरला.

मोटारसायकल रपट्यावरून, नाल्यावरच्या बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, खाली गेली होती. देवरावांचा पाय तिच्याखाली. फोन दहा फुटांवर पडलेला. हात पुरत नव्हता, पण त्यांना रिंग सगळ्या ऐकू आल्या होत्या. उन्हापासून वाचायला पत्रिकांची पिशवी त्यांनी तोंडावर घेतली होती. रंजनाने ती काढली, तेव्हा ते म्हणाले, "दोनच राहिल्या वाटायच्या."

मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर किडनीवर इतका ताण आला नसता. अकरा दिवस ते यवतमाळला ॲडमिट होते. लग्न ठरल्या दिवशी झालं. देवरावांनी ते हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

मी रिपोर्ट लिहिला. शोध चुकीच्या दिशेला, दोन तास पंधरा मिनिटं. कारण, साईट न पाहता केलेली सही. सही माझी.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी बोलावलं. "माणूस जिवंत सापडला ना? मग एवढं लिहायची गरज होती?"

"वेळ गेला तो गेलाच, सर."

"पुंडलिकचं नाव नाही यात."

"त्याने गाव आधी धरलं. तपासायचं काम माझं होतं."

रिपोर्ट तसाच वर गेला. माझी पगारवाढ एक वर्ष थांबली, ते बरोबरच होतं. पुढच्या दीड महिन्यात मी माझे सगळे टॉवर पायी फिरून तपासले. आणखी दोन ठिकाणी एक नंबर गावाकडे निघाला. दोन्हीकडे सही माझीच होती.

आता पोलिसांचं पत्र आलं की मी आकडे काढतो, पण नकाशा उघडण्याआधी घरच्यांना विचारतो की तो माणूस कुठे जाणार नाही.