सुपडूची पाच कोरी पानं

सरलाबाईला गटाराची किळस कधी आली नाही. पारोळ्याहून सुरतेला आल्यापासून चौदा वर्षं तिनं गटारंच तर बांधली. नवरा सुपडू मिस्त्री, ती माल कालवणारी. गुडघाभर काळ्या रेंद्यात उभी राहून भाकरी खाल्लेली बाई. किळस आली ती माणसांची, आणि तीही कोरड्या, पंख्याखालच्या, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसांची.

शहाण्णव साल. प्लेगला दोन वर्षं होऊन गेली होती आणि सुरतभर गटारांची खोदाई चालू होती. लिंबायतच्या त्यांच्याच गल्लीतल्या गटाराचं टेंडर निघालं. सुपडूचं नाव महापालिकेच्या ठेकेदारांच्या यादीत लागून दीड वर्ष झालं होतं, पण स्वतःचं एक काम नाही. कसं असणार? आदल्या दिवशी सगळे ठेकेदार चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जमायचे, चिठ्ठ्या टाकायचे. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं कमी भाव भरायचा, बाकीच्यांनी मुद्दाम चढे भरायचे. याला ते ‘सपोर्ट’ म्हणत. चिठ्ठी बहुतेक योगराजची निघे. योगराज म्हणजे सुपडूचा साडू, सरलाबाईच्या धाकट्या बहिणीचा, रंजनाचा नवरा.

या वेळी सरलाबाई म्हणाली, “चिठ्ठी गेली खड्ड्यात. गल्ली आपली आहे. पाऊस पडला की त्यांचं गटार माझ्या चुलीपर्यंत येतं. आपणच भरायचं.”

ती सातवी पास. पीठ चाळता चाळता तिनं विटा, रेती, चार घमेली रेतीला एक घमेलं सिमेंट, मजुरी असा सगळा हिशेब मांडला. छोट्या कामाचा भाव ठेकेदाराच्या लेटरपॅडवर लिहून, सही-शिक्का मारून, पाकीट लाखेनं बंद करून पेटीत टाकायचा असे. तिनं लिहिला, सुपडूनं सही केली. पाकीट तिनं स्वतः पेटीत टाकलं.

पाकिटं उघडली त्या दिवशी तीही गेली. ऑफिसात बाई एकटीच. कारकून वाचत गेला. योगराजचा भाव आला, आणखी तिघांचे चढे आले. मग सुपडूचा आला, सगळ्यांत कमी. सरलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. झालं, गटार आपलं!

कारकुनानं शेवटचं पाकीट फोडलं. त्यावरही सुपडूचंच नाव. भाव योगराजच्या वर.

साहेबानं दोन्ही कागद पुढे सरकवले. “सुपडूभाई, आ सही तमारी छे?”

सुपडूनं कागद उजेडाकडे धरला. “सही मन्हीच शे,” तो अहिराणीतच बोलून गेला.

“एका माणसाची दोन टेंडरं चालत नाहीत. दोन्ही बाद,” कारकून म्हणाला. नियम तसाच होता. ऑफिसचं काही चुकलं नाही. काम योगराजला गेलं.

बाहेर आल्यावर सरलाबाईनं नवऱ्याला भिंतीशी धरलं. “हा दुसरा कागद कुठून आला?”

“मागल्या वरीस साडूनी मांगेल व्हतात. सपोर्टले मी हजर नसलो तर अडाले नको, म्हणून. सगळेच देतस. लेटरपॅडचं कोरं पान, खाली सही-शिक्का.”

“कितला दिन्हात?”

“पाच.”

तेवढ्यात योगराज हसत आला. “आक्का, रागवू नका. तुम्ही वेगळं भरताय हे रंजनाजवळ तुम्हीच बोलल्या ना? मग मला एक पान वापरावं लागलं. घरातलंच आहे हो. काम तुम्हीच करा, तुम्ही भरलेल्याच भावात. मधला फरक तेवढा माझा.”

“आणि सिमेंट?”

“आठाला एक घाला. खाली कोण वाकून बघतंय?”

“मी बघते,” सरलाबाई म्हणाली. “माझ्याच दारात वाहणार आहे ते. उरलेली चार पानं परत द्या.”

“कुठं पडली असतील, कुणास ठाऊक!”

हा नीचपणा एक वेळ समजतो. पण साडूचं म्हणणं मान्य करावं अशा सुरात सुपडू हळूच म्हणाला, “घी लेऊत का काम? हातले काम ते भेटी.” तेव्हा मात्र तिला किळस आली. चौदा वर्षांत रेंद्याची आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं यादीतून नाव काढून टाकण्याचा अर्ज लिहिला. सुपडू ओरडला, “येडी व्हयनी का? दीड वरीस फिरनू!”

“तुझी चार पानं त्याच्या कपाटात आहेत. म्हणजे तू त्याच्या कपाटात आहेस. नावच नसलं तर त्या पानांवर तो भजी खाईल. कर सही. आणि आधी वाच.”

त्यानं वाचलं. सही केली.

गल्लीतलं गटार योगराजनं आठाला एकनं उरकलं; पहिल्याच पावसात ते तिच्या उंबऱ्यावर उलटलं. तोवर ती सुरतेबाहेर कडोदऱ्याला दुसऱ्याच्या साइटवर माल कालवत होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी यादीत तिचं स्वतःचं नाव लागलं. शिक्का आणि लेटरपॅड तिनं पिठाच्या डब्यात ठेवलं. सुपडूलासुद्धा मागितल्याशिवाय मिळत नसे.

आठवड्याभरात रंजना पेढे घेऊन आली. डोळे खाली घालून म्हणाली, “आक्का, ह्यांनी पाच पानं मागितलीत.”

सरलाबाईनं तिला चहा पाजला, जेवू घातलं, आणि जाताना पेढ्यांचा पुडा जसाच्या तसा तिच्या पिशवीत परत ठेवला.