कॉपीतून गेलेले मेल

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि सगळी खरेदी-विक्री एका सॉफ्टवेअरवर चालते. ते सांभाळणाऱ्या विभागात मी काम करते. शिकवायला आणि तपासणीला आम्ही त्या सिस्टिमची हुबेहूब कॉपी ठेवतो, अधूनमधून ती ताजी करतो. कॉपीत पुरवठादारांचे खरे ईमेल पत्तेही येतात. म्हणून आधी ते पत्ते बदलायचे, बाहेर जाणारे मेल बंद करायचे, मगच कुणाला आत सोडायचं. तेव्हा हे काम बाहेरच्या एजन्सीकडे होतं. त्यांनी सगळं झाल्याचं कळवलं आणि आमच्या विभागाच्या साहेबांनी खरेदी विभागाचं ट्रेनिंग सुरू करायला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीआधी एका पुरवठादाराच्या ऑफिसातून फोन आला. आमच्या सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्याचा मेल आलाय, कारण कळेल का, असं तिकडच्या बाई विचारत होत्या. मी खरी सिस्टिम उघडून पाहिली. ऑर्डरी जागच्या जागी होत्या. म्हणजे मेल कॉपीतून गेला होता; एजन्सीने ना पत्ते बदलले होते, ना मेल बंद केले होते. ट्रेनिंग रूमकडे धावले. ऑर्डर रद्द कशी करायची तेच तिथे शिकवत होते आणि सगळे मन लावून रद्द करत बसले होते.

मी त्यांना हात थांबवायला सांगितलं. साहेबांनी कॉपी लगेच बंद करवली. पण गेलेले मेल थोडेच परत येणार? आम्ही एकेका पुरवठादाराला फोन लावत सुटलो. पलीकडे रिंग वाजत असताना वाटायचं, आता हे सांगणार की माल दुसऱ्याला दिला, माणसं घरी पाठवली.

तळवड्याच्या एका वर्कशॉपचा फोन लागेना. ते रबराचे वॉशर बनवायचे आणि आमच्याशिवाय त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. साहेब म्हणाले, तू स्वतः जा.

गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली. तिथे काय बघायला मिळेल याचे नको ते विचार डोक्यात येत होते.

शेडमध्ये मशीनचा आवाज नव्हता. कामगार बाहेर उभे होते. साठीचे मालक आत एकटेच बसले होते. घरून फोन आला तर बायकोला काय सांगायचं, हे सुचेना म्हणून त्यांनी मोबाइल बंद केला होता.

"आमचं काय चुकलं, ताई?" त्यांनी विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं, कंपनीतर्फे माफी मागितली.

"म्हंजी ती नकली सिस्टिम बी आमाला काढून टाकू शकती व्हय?"

मग त्यांनीच उठून कामगारांना आत बोलावलं. मशीन सुरू झाल्या, तेव्हा कुठे त्यांनी मोबाइल चालू केला.

त्यानंतर आम्ही नुसत्या कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. कॉपी झाली की मी स्वतः मेलची वाट तोडते, आपोआप चालणारी कामं थांबवते, प्रत्येक पुरवठादारापुढे माझाच पत्ता टाकते. स्क्रीन लाल करून ठेवते, म्हणजे कॉपी लगेच ओळखू येते. शेवटी एक ऑर्डर रद्द करून बघते. मेल बाहेर गेलेला नाही याची खात्री झाल्यावरसुद्धा मी इतरांना आत सोडायला उगाच वेळ लावते.