दातांनी ऐकणारा

शेठजींची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार मी जळगावहून धुळ्याला नेत होतो. पारोळ्याच्या पुढे खालून खरखर सुरू झाली. शेठजी त्या गाडीला जिवापाड जपत. आता आपली ड्रायव्हरकी गेली, एवढंच मला सुचलं. क्लच दाबला की खरखर थांबायची, म्हणून उरलेला सगळा रस्ता मी क्लच अर्धवट दाबूनच काढला.

धुळ्यात शिरताच एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याला फारसं ऐकू येत नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायला लावून तो खाली सरकला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. बाहेर काढलेल्या हातानं खुणा करत राहिला: दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मी तसा क्लच दाबत-सोडत होतो.

बाहेर येऊन त्यानं जळका वास हुंगला आणि माझ्या थरथरत्या डाव्या पायाकडे पाहिलं. गिअरबॉक्सचं एक बेअरिंग तेवढं गेलं होतं. क्लचप्लेट मात्र मी जाळली होती.

"आवाज दाबी दिधा तरी मरत नही, भाऊ," तो बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं म्हणाला. "तो मझार खात ऱ्हास." म्हणजे आतल्या आत खात राहतो.

गाडी कशीबशी शेठजींच्या दारात नेली. "रस्त्यात काही आवाज-बिवाज?" त्यांनी विचारलं.

मी गाडीतून उतरून उभा होतो, तरी माझा डावा पाय जमीन दाबू लागला.